नलिनीबाईंचा स्वेटर

"शेठजी, नलिनीबाईच्या बोटात आज दुसऱ्यांदा सुई घुसली. थो एसी कमी करा ना!" मी ओरडलोच.

गजेंद्रशेठ गादीवरून हलले नाहीत. "मशीन पाहून राहिली ना, तुळशीराम. तू काहून डोकं खपवून राहिला?"

चोवीस वर्षं पांढुर्ण्यातल्या या तीन मजली कापडदुकानाची वीज मी सांभाळली. गेल्या दिवाळीत ही मशीन आली. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्या तापमान मोजतात, नागपुरात बसलेला मयूर ते स्क्रीनवर बघतो, एसी आपोआप कमी-जास्त होतो. माझी बटणं पेटीत कुलूपबंद झाली आणि किल्ली शेठच्या खिशात गेली.

दुसऱ्या मजल्यावर साड्यांना फॉल लावणाऱ्या नलिनीबाई भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायच्या. बोटं आखडायची, काम मागे पडायचं. शेठनी त्यांना सांगून टाकलं होतं, एक तारखेपासून येऊ नका. एक तारीख म्हणजे उद्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मयूरला फोन लावला. "काका, तुमच्या दुसऱ्या मजल्यावर तं एकतीस दाखवून राहिलं. थंडी कशी वाजंन?"

एकतीस! मी डबीसमोर जाऊन उभा राहिलो आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. डबीच्या बरोबर खाली फळी, फळीवर जामसांवलीच्या मारुतीचा फोटो, पुढे दिवसभर तेवणारा दिवा. हनुमान जयंतीला शेठनी सांगितलं आणि मीच ती ठोकली होती. दिव्याची धग लागून डबी अख्खा मजला तापल्याचं नागपूरला कळवत होती.

शेठना वर बोलावून डबी दाखवली. "शेठजी, फळी समोरच्या भिंतीवर घेऊ."

"मशीनसाठी देवाले हलवू? वेडा झाला का बे?"

मग मी गिऱ्हाइकांदेखत वात चिमटीत धरून विझवली. थोड्याच वेळात एसीचा गार वारा थांबला. मयूरचा फोन आला, मी तो शेठसमोर स्पीकरवर टाकला. "काका, काय केलं तुम्ही? एकदम अठरावर आलं!"

शेठ लालबुंद झाले. "देवाचा दिवा विझवला! उद्यापासून दुकानात पाय ठेवू नको." पण आकडा ऐकून वीजबिल आठवलं असावं; वर निर्लज्जपणे म्हणाले, "जाता जाता थे फळी तेवढी समोर ठोकून दे."

"बाईले कामावर ठेवत असान, तरच ठोकतो."

"राहू दे तिले."

मी ठोकली. मारुतीचा काय दोष? दिवा लावला, हात जोडले आणि खिशातला टेस्टर काउंटरवर ठेवला.

"भाऊ, माह्यापायी तुमचं काम गेलं," नलिनीबाई म्हणाल्या.

"बसा, काम करा," मी म्हणालो.

त्यांनी स्वेटर काढला, घडी करून पिशवीत ठेवला आणि सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला.