सुचित्राताईंची यादी

"अतुलराव, डावीकडे काहीतरी बोलतंय. अगदी बारीक. कोण आहे?"

सुचित्राताईंनी दोरीवरचा हात तसाच ठेवून मान वळवली. त्यांच्यामागचे पाच जणही थांबले. अतुल खानझोड्यांनी डावीकडे पाहिलं. ओढ्याकाठी पानं गळून गेलेली एल्मची झाडं होती, त्यांच्यामागे फेब्रुवारीचं मळकट आभाळ. त्यांच्या कानाला फक्त पार्कबाहेरच्या हायवेची घरघर येत होती. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि एकेक फांदी तपासली. कुठेच काही हललं नाही.

"चिकडी पक्षी आहे," ते म्हणाले आणि बाकीच्यांसाठी तेच इंग्रजीत पुन्हा सांगितलं.

"अच्छा," सुचित्राताई म्हणाल्या. दोरी पुढे सरकली.

टेक्सासमधल्या प्लेनोच्या त्या पार्कात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी पक्षी ऐकण्याची फेरी निघत असे; सगळे एकच दोरी धरून एकामागे एक चालत. अतुलराव सहा वर्षं ती फेरी नेत होते. त्याआधी एकोणतीस वर्षं त्यांनी एका कंपनीत टेलिफोनच्या सर्किटांचं टेस्टिंग केलं होतं. निरोपाच्या दिवशी मॅनेजरने त्यांचं आडनाव चुकीचं उच्चारलं आणि त्यांनी ते दुरुस्तही केलं नाही. रिटायर झाल्यावर वेळ जाईना, म्हणून पक्ष्यांचे आवाज शिकायला सुरुवात केली. पोळ्या लाटता लाटता त्यांच्या बायकोला, सुनेत्राला, फोनमधली तीच ती किलबिल तासन् तास ऐकावी लागे. पण पार्कातले लोक त्यांच्या तोंडून नाव ऐकायला थांबत. आपल्या शब्दासाठी कुणी थांबतंय, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मागच्या एप्रिलमध्ये एकदा सुनेत्रा म्हणाली, "मायक्रोवेव्ह केव्हाचा ओरडतोय, बंद का नाही करत?" तो ओरडतोय हे त्यांना कळलंच नव्हतं. तपासणी झाली. कानात मशिनं आली आणि माणसांचं बोलणं सुधारलं. बारीक आवाजाचे पक्षी मात्र परतले नाहीत. "त्या पट्टीतलं आता येणार नाही," कानाच्या डॉक्टरने सांगितलं.

"रुहीला सांगून टाका," सुनेत्रा म्हणाली. रुही ही पार्कातले कार्यक्रम आखणारी मुलगी, त्यांच्याच एका मित्राची.

"सांगतो," ते म्हणाले. त्याला दहा महिने झाले होते.

तेव्हापासून डोळ्यांवर निभावत होतं. पक्षी दिसला की ते नाव सांगत. दिसला नाही तर ऋतू आणि झाड पाहून अंदाज करत. बहुतेक बरोबरच असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

फेरी संपली, बाकीचे व्हॅनमधून गेले. सुचित्राताईंना न्यायला त्यांची सून अनया यायची होती. त्या बाकावर बसल्या, काठीची घडी करून मांडीवर ठेवली. त्या मूळच्या नागपूरच्या, इथे तीस वर्षं लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. चार वर्षांत त्यांनी एकही फेरी चुकवली नव्हती.

"ती चिकडी नव्हती," त्या म्हणाल्या.

अतुलराव त्यांच्या शेजारी बसले.

"ब्राऊन क्रीपर होता. तुम्हीच शिकवलंत मला. सुईतून दोरा ओढावा तसा आवाज, म्हणाला होतात. मी तो दोनदा ऐकला आज. तुम्हाला आला का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"मला बारीक आवाज येत नाहीत, सुचित्राताई."

"कधीपासून?" पेशंटला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"मागच्या एप्रिलपासून."

त्यांनी पर्समधून फोन काढला. घरी गेल्यावर त्या दर वेळी ऐकलेल्या पक्ष्यांची नावं त्यात बोलून ठेवत, हे अतुलरावांना माहीत होतं. सनीव्हेलला असलेल्या मुलीला त्या रविवारी ती यादी वाचून दाखवत.

"त्रेचाळीस झालेत," त्या म्हणाल्या. "एप्रिलनंतरचे चौदा. खरे कोणते तेवढं सांगा."

"ताई, आत्ता कशाला..."

"मी बघून खात्री करू शकत नाही, अतुलराव. मला तुम्हीच सांगायला हवं."

फोन सपाट आवाजात एकेक नाव वाचू लागला. पेंटेड बंटिंग. "तो मी पाहिला होता. खरा." रेड-शोल्डर्ड हॉक. "तो ऐकलाही होता." दोन नावं अशीच गेली. मग फोन म्हणाला, ब्लॅक-अँड-व्हाइट वॉर्बलर.

"माहीत नाही," अतुलराव म्हणाले. "अंदाज होता."

सुचित्राताईंच्या बोटाने पडद्यावर दोनदा टकटक केली. फोन म्हणाला, डिलीटेड.

अशी पाच नावं पुसली गेली, बाकीची राहिली. यादीत शेवटचं गोल्डन-क्राउन्ड किंगलेट होतं.  नोव्हेंबरमधली ती सकाळ अतुलरावांना आठवत होती. सुचित्राताईंचे यजमान जाऊन महिनाही झाला नव्हता, त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या आणि सारखं विचारत होत्या, आज काही नवीन आहे का? तेव्हा अतुलरावांना वाटलं होतं, यांना काहीतरी द्यावं.

"तिथे काहीच नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही विचारत होतात, म्हणून मी म्हणालो."

"मी म्हणाले होते, ऐकू आला."

"हो."

"मलाही तो आला नव्हता," सुचित्राताई म्हणाल्या. "वाटलं, माझंच लक्ष नाही. घरी येऊन रडले होते मी, की आता हेही जातंय."

अतुलरावांनी दुर्बिणीचा पट्टा गळ्यातून काढला आणि तो हातात धरून बसले. माफ करा म्हणायचं होतं, पण त्या शब्दाने काय होणार, ते त्यांना कळेना.

सुचित्राताईंनी बोट टेकवलं. डिलीटेड.

अनयाची गाडी आली. उठताना सुचित्राताईंनी नेहमीसारखा त्यांचा हात मागितला नाही. काठी उघडून त्या गाडीच्या आवाजाच्या दिशेने गेल्या.

अतुलराव तसेच रुहीच्या ऑफिसात गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अंदाजांसकट. रुहीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, यू शुड हॅव टोल्ड मी," ती म्हणाली. "ते लोक आपल्याला ट्रस्ट करतात ना."

"हो. म्हणून आलो."

"आता मी लीड करते. पण तुम्ही येणं बंद नका करू. मागे कुणीतरी लागतंच, मुळांत पाय अडकतो त्यांचा."

सुनेत्राने घरी विचारलं, "बरं वाटलं का सांगून?"

"नाही," ते म्हणाले.

मार्चच्या शनिवारी ते सगळ्यांच्या मागून चालले. सुचित्राताई पुढे होत्या. सुरुवातीला रुहीने मागे कोण आहे ते सांगितलं, तेव्हा त्यांनी "नमस्कार, अतुलराव" एवढंच म्हटलं. ओढ्याच्या वळणावर एक मूळ वर आलं होतं. अतुलरावांनी प्रत्येकाला कोपराला धरून ते ओलांडून दिलं. सुचित्राताईंनीही कोपर पुढे केलं.

पुलाजवळ रुहीने दोरी हलकेच ओढली आणि सगळे थांबले. अतुलरावांना फक्त वाऱ्याचा आणि हायवेचा आवाज येत होता. मग एकापाठोपाठ एक सहाही चेहरे वर झाले, एकाच झाडाकडे.  सुचित्राताईंचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. अतुलरावांनी टोपी काढली आणि ते चेहरे खाली येईपर्यंत उभे राहिले.