कंदील, साबण, मोर

माझी लेक मेंदूवर संशोधन करते. पीएच.डी. होऊन आता केस पिकायला लागले, तरी नोकरी कायम नाही. एक प्रकल्प संपला की दुसरा, दर वेळी नव्याने अर्ज. माणसं विसरायला का लागतात, हा तिचा विषय. जगभरच्या म्हाताऱ्यांचा अभ्यास करते आणि घरात मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

यंदा कुठे तिला दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात कायमची जागा मिळाली. मी हरखून गेले, तर बाईसाहेब अडून बसल्या. "आधी तुझी चाचणी. तू ठीक असलीस तरच मी जाईन."

निमित्त काय, तर दोनदा गॅस चालू राहिला होता. शिवाय मी म्हणे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते. विचारलं की ती खेकसते, "अगं, आत्ताच सांगितलं ना!"

चाचणीला मी भीत नव्हते, कारण पेपर मला पाठ होता. ही नवीन शिकत होती तेव्हा सरावाला बळीचा बकरा मीच. आधी पाच शब्द ऐकवायचे, मग घड्याळाचं चित्र काढायला लावायचं, आकडे उलटे म्हणायला लावायचे आणि शेवटी तेच पाच शब्द विचारायचे. कंदील, साबण, मोर, आत्या, जांभळा. कपड्यांच्या घड्या घालताना इतक्यांदा म्हटलेत, की झोपेतून उठवून विचारा. सकाळी काय खाल्लं ते मात्र विचारू नका.

भीती वेगळीच होती. तिची ही जागा माझ्यापायी गेली असती, तर ते मला जन्मभर खात राहिलं असतं. म्हणून चाचणीच्या आधी दोन दिवस मी जोरात घोकंपट्टी केली.

स्वतःच्या आईची चाचणी घेता येत नाही, म्हणून तिचा सहकारी घेणार होता. उंच, मान पुढे काढून चालणारा. घरी आम्ही त्याला उंटराव म्हणतो. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलेलं, नुसता खिळा. बघून चित्र काढता येऊ नये म्हणून. हुशार लोक!

"काकू, नीट ऐका हं," असं म्हणून त्याने शब्द सांगितले. मी खिळ्याकडे बघत मान डोलावली. पाठ असलेलं कोण ऐकतं? घड्याळ काढलं, आकडे उलटे म्हटले.

"आता ते शब्द सांगा बरं."

"कंदील, साबण, मोर, आत्या, जांभळा!" एका दमात.

त्याची पेन्सिल हललीच नाही. "काकू, मी शिडी, लोणी, हरीण, खिडकी, गुलाबी म्हटलं होतं."

लेक बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्यावर उखडलेच. "पेपर बदललास?"

"तुला जुने शब्द पाठ असणार, म्हणून मीच दुसरे द्यायला सांगितले."

"मग मला सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं, आई. सकाळी, चहा पिताना."

मला चहा आठवत होता. तिचं बोलणं काही केल्या आठवेना.

उंटराव बिचारा म्हणाला, "काकूंचं लक्ष नव्हतं, असं लिहू. पुन्हा कधीतरी घेऊ." लेकीने मान हलवली. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? आता डॉक्टरांना दाखवू."

जिन्यात मी तिचा हात धरला. "माझ्यासाठी ती जागा सोडलीस, तर तुझ्याशी बोलणार नाही."

"नाही सोडत. जातेय मी. आणि तूपण येतेस."

जीव भांड्यात पडला. "निघायचं कधी?" मी विचारलं.

"महिनाअखेरीला."

फाटकापाशी आलो. मी म्हटलं, "निघायचं कधी गं?"

"महिनाअखेरीला, आई," ती म्हणाली. अगदी हळू, मऊ आवाजात. ती खेकसली नाही, तेव्हाच माझा निकाल मला कळला.