दोन चमचे गंगा

दचकू नका, मी गंगेची लोटी बोलतेय. खरं तर दचकायची सवय मलाच. आमचं घर पांढरकवड्यात, हायवेला लागून. हैदराबादकडे जाणाऱ्या एखाद्या ट्रकनं भोंगा वाजवला की देवघराच्या फळीवर मी थरथरते आणि शेजारच्या घंटेला जाऊन लागते. इतकी वर्षं झाली, पण सवय काही झाली नाही.

जन्म माझा काशीचा. तांब्याच्या पत्र्याला ठोकून ठोकून मला पोट दिलं, गळा दिला. मग घाटावर नेऊन गंगेचं पाणी भरलं आणि तोंडावर झाकण ठेवून डाख लावून टाकली. अंगानं मी मुठीएवढीच. माझं काम आयुष्यात एकदाच करायचं. घरातलं माणूस जायला निघालं की मला उघडायचं, त्याच्या तोंडात पाणी घालायचं, संपलं. तोवर नुसतं बसून राहायचं. कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसणं हे काय काम झालं, असं मला फार वाटायचं. पण मला कोण विचारतो?

मला आणलं नरहररावांच्या आईनं, स्वतःसाठी. पण ती गेली नेरहून येणाऱ्या एसटीत, खिडकीला डोकं टेकून. मी घरी फळीवर, ती रस्त्यात. नरहरराव तेव्हा तहसील कचेरीत कारकून होते. आईचे दिवस झाले तसे ते मला हातात घेऊन म्हणाले, "आईला एक थेंब देता आला नाही." तेवढंच बोलले, पण ते वाक्य त्यांच्या बायकोच्या, रत्नप्रभाबाईंच्या मनात जाऊन बसलं. ते किती खोल बसलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्यानंतर दर अक्षय तृतीयेला नरहररावांचा एक नेम असायचा. आईच्या नावाची घागर भरून झाली की मला खाली काढायचे, चिंच लावून घासायचे. मग बोटाच्या पेरानं माझ्या पोटावर टक, टक, टक करायचे, आणि मला कानाशी धरून हलवायचे. मी काठोकाठ भरलेली नव्हते, म्हणून आतलं पाणी डुचमळायचं.

"आहे अजून!" ते ओरडायचे.

"काय? पाणी की तुम्ही?" रत्नप्रभाबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"दोघंही!"

दर वर्षी तोच विनोद, आणि दर वर्षी दोघं हसायचे. वर्षातला तेवढा एक दिवस मी कुणाच्या तरी जगण्याच्या कामी यायचे.

गेल्या दिवाळीनंतर नरहरराव न्हाणीत पडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन महिने नागपूरला ठेवून त्यांना घरी आणलं, ते नाकातून पोटापर्यंत गेलेल्या नळीसकट. वाचा गेली होती. उजव्या हाताची दोन बोटं आणि डोळे, एवढंच काय ते हलायचं. त्यांचा लोखंडी पलंग देवघरासमोरच लावला, त्यामुळे दिवसभर ते मला आणि मी त्यांना बघायचो. डॉक्टर बजावून गेले होते, "तोंडानं एक थेंबही द्यायचा नाही. गिळता येत नाही, पाणी सरळ फुप्फुसात जाईल." ते ऐकून मी अशी दचकले, की ट्रक नसतानाही घंटा वाजली.

त्यांचं सगळं जमनाबाई करायची. घाटंजीकडच्या तांड्यावरची ही बाई, इथे लेकीकडे राहायची. नळीतून पेज सोडणं, कूस बदलणं, पाठीवरच्या जखमा धुणं, आणि वर गप्पा. "बापू, आज ऊन लय हाये. बापू, कापसाले भाव नाही." उत्तर येत नाही याचं तिला काहीच वाटत नसे.

मार्चमध्ये मुलगा सलील पुण्याहून आला, मुलगी गौरी नेरहून. डॉक्टरांना बोलावलं. पलंगापासून चार हातांवर खुर्च्या टाकून सगळे बोलायला बसले. नरहररावांना ऐकू येतं की नाही याबद्दल खात्री नव्हती, म्हणून कुणी आवाज कमी केला नाही.

"इंजेक्शन देऊन मरण देणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही," डॉक्टर म्हणाले. "सुधारणेची आशा नसेल तर उपचार थांबवायचा मार्ग आहे. त्यासाठी मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. डॉक्टरांची दोन मंडळं तपासतील, घरच्यांची संमती लागेल. त्यांनी आधी काही लिहून ठेवलंय का?"

जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज तपासणाऱ्या माणसानं स्वतःचा एक कागद लिहिला नव्हता.

"नळी काढायची म्हणजे बाबांना उपाशी मारायचं," गौरी म्हणाली. "सरळ बोल ना दादा. तुला परतीची गाडी पकडायचीय."

"आणि तू? रविवारी येतेस, पाय धरून रडतेस, पाचच्या एसटीनं जातेस. जखमा जमनाबाई धुते. त्यांना असं जगायचंय का, कधी विचारलंस?"

"तू विचारलंस?"

जमनाबाई दारात उभी होती. "आमच्या तांड्यात म्हातारं माणूस खात नाही म्हनलं, तं कोनी कोंबत नाही जी. व्हटाले पानी लावतो अन् जवळ बसतो."

"तुम्ही यात बोलू नका," गौरी म्हणाली.

"नाही बोलत. पाठ धुवाले तेवढं बोलवा."

मग सगळे रत्नप्रभाबाईंकडे वळले. त्या पदराचं टोक पिळत होत्या. "चाळीस वर्षांत मला एका कागदावर सही करू दिली नाही यांनी," त्या म्हणाल्या, "आणि पहिली सही ही करू?"

मुलं आपापल्या गावी गेली. प्रश्न मात्र इथेच राहिला, बाईंच्या मानेवर. बाई दुपारी पलंगाशी बसायच्या आणि विचारायच्या, "जायचंय का हो तुम्हाला? काहीतरी सांगा." ते नुसते बघायचे.

एप्रिलमधली ती दुपार मला अजून सोडत नाही. सकाळी बाई मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. जमनाबाईनं पेज सोडली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "बापू, आज आखजी हाये. मी लवकर जाऊन राह्यली तांड्यावर. उद्या येतो." आखजी म्हणजे अक्षय तृतीया. आजारपणात बाईंच्या घरात सणवार कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते. जमनाबाईचं बोलणं मला ऐकू आलं, नरहररावांना आलं. बाईंना नाही.

दुपारी घरात दोघंच होते. कूलर घरघरत होता. आणि पलंगाच्या दांडीवर आवाज आला. टक, टक, टक.

बाई धावत आल्या. नरहररावांचं बोट दांडीवर होतं आणि नजर माझ्यावर.

"लोटी? लोटी हवी?"

टक, टक, टक.

"गंगा हवी तुम्हाला?" बाई त्यांच्यावर वाकल्या. "जायचंय?"

टक, टक, टक.

मला सांगायचं होतं, बाई, मला हलवा! त्यांच्या कानाशी धरा आणि नुसतं हलवा! पण तांब्याला कुठली जीभ? बाईंनी मला काढलं, अडकित्त्याच्या टोकानं डाख उचकटली. डाख सुटली तशी मी त्यांच्याच मनगटावर सांडले. "आईंसारखं कोरडं नाही जाऊ देणार तुम्हाला," असं म्हणत, डोळे मिटून, रामाचं नाव घेत त्यांनी पहिला चमचा दिला. नरहरराव ठसकले. दुसऱ्या चमच्याला त्यांनी ओठ घट्ट आवळले. मी बघितलं. खोकल्यानं आवळले असतील, नसतीलही. बाईंचे डोळे मिटलेलेच होते.

तिसऱ्या दिवशी ताप चढला, छाती घरघरू लागली.

"तोंडानं काही दिलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"गंगा," बाई म्हणाल्या.

सहाव्या दिवशी ते गेले.

"आईनं सोडवलं त्यांना," सलील म्हणाला. "सही नाही केलीस, आई, पण..." म्हणत गौरीनं वाक्य अर्धंच सोडलं. दोघांचंही बोलणं बाईंनी सारख्याच चेहऱ्यानं ऐकलं. त्यांच्याजवळ एक आधार होता. गंगा नरहररावांनी स्वतः मागितली होती.

तेराव्याला जमनाबाई भांडी घासायला आली. घासता घासता म्हणाली, "माय, त्या दिशी मी गेली नसती तं बरं झालं असतं. आखजी होती ना. बापूले सांगून गेलती मी."

बाईंच्या हातातली परात तिथेच थांबली. "काय होतं त्या दिवशी?"

"आखजी."

बाई उठल्या. देवघरापाशी आल्या. मला उचललं, बोटाच्या पेरानं तीनदा वाजवलं आणि कानाशी धरून हलवलं. आता मी अर्धीच होते, त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा मोठ्यानं वाजलं. नंतर त्या खाली बसल्या, त्या दिवेलागणीपर्यंत उठल्याच नाहीत.

नरहररावांना काय हवं होतं? निरोप हवा होता, की वर्षाचा तो जुना विनोद? मलाही नक्की सांगता येत नाही, आणि आता कोणतंच मंडळ बसून ते ठरवू शकणार नाही. लोकहो, कायदा काय करायचा तो तुम्ही ठरवा. त्यातलं मला कळत नाही. पण तुम्हाला काय हवंय ते जीभ चालते आहे तोवर घरच्यांना सांगा, लिहून ठेवा. मरणाचा निर्णय मुठीएवढ्या लोटीवर टाकू नका. मी फार भित्री आहे हो.

मला परत डाख लावलेली नाही. बाई रोज दुपारी मला कानाशी धरून हलवतात. झाकण सैल आहे, ऊन कडक आहे, पाणी रोज थोडं थोडं उडतंय. एक दिवस त्या हलवतील आणि मी वाजणार नाही. त्या दिवशी त्या काय करतील, या विचारानं मी ट्रक नसतानाही थरथरत असते.