लेमी

तिने कागदांचा गठ्ठा मशीनच्या पाठीला टेकवला, दोन्ही तळव्यांनी कडा थोपटून सारख्या केल्या आणि हात काढून घेतले. समोरून कटरकाका आणि त्यांच्या मदतनिसाने मिळून चाक फिरवायला घेतलं. पातं निम्मं खाली आलं तेव्हा तिला दिसलं, मधले काही कागद सरकलेत.

"लेमी!" ती ओरडली.

चाक जागच्या जागी थांबलं.

बाइंडिंगच्या या कारखान्यात 'थांबा' कुणी म्हणतच नसे. लेमी म्हणायचं. मशीन बंद केलं की ते लेमी केलं, जेवायची सुट्टी झाली की लेमी झाली, आणि एखाद्याचं लग्न मोडलं तरी लेमीच झाली. हा शब्द आला कुठून, याची चौकशी कुणी केली नव्हती. 'पगार', 'चावी' हे शब्द कुठून आले, हे तरी कोण विचारतं? शब्द पाहुणा म्हणून येतो आणि घरजावई होऊन बसतो. इथलं काम सोडून गेलेल्यांनी तो गल्लीतल्या इतर कारखान्यांतही पोचवला होता. मध्यंतरी ती विजेवर चालणारं मशीन बघायला गेली, तेव्हा तिने विक्रेत्याला अगदी गंभीरपणे विचारलं, "याला लेमीचं बटण कुठंय?" त्या बिचाऱ्याने माहितीपत्रक पुन्हा पुन्हा चाळलं आणि शेवटी म्हणाला, ते पुढच्या मॉडेलला येणार आहे.

आज मात्र तिचं कामात लक्ष नव्हतं. मावशी यायची होती.

आई डोंगरापलीकडची, तिची भाषाही पलीकडची. मुलगी धड बोलायला लागायच्या आतच ती गेली. तिचा चेहरा फोटोत होता. आवाज कुठेच नव्हता. आई आपल्याला काय म्हणून हाक मारायची, एवढं एकच तिला कळायला हवं होतं. लहानपणी तिने बाबांना विचारलं, तर ते ताटावरून उठून बाहेर गेले होते. पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही. आता सांगू शकेल असं माणूस म्हणजे मावशीच, आणि मावशीही थकली होती. परत यायला तिला जमेल, असं वाटत नव्हतं.

जेवणानंतर मावशी कारखान्याच्या दारात उभी राहिली. आईच्या बाळंतपणाला ती इथे येऊन राहिली होती, तेवढं मराठी तिच्याकडे अजून शिल्लक होतं. मुलीने फोनवर ऐकून पाठ केलेलं, आईच्या भाषेतलं स्वागताचं वाक्य म्हणून दाखवलं. मावशी तोंडावर पदर घेऊन हसली.

"छान बोललीस गं. पण असं आमच्याकडे फक्त बातम्यांत बोलतात."

मुलगीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मावशीला तिने स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. कोपऱ्यात बाबा पुस्तक शिवत बसले होते. मेहुणीला 'या' म्हणून ते पुन्हा सुईदोऱ्याकडे वळले होते. ते ऐकतायत हे तिला दिसत होतं, तरी तिने विचारलं.

"मावशी, आई मला काय म्हणून हाक मारायची?"

मावशीने भांडं खाली ठेवलं. तेवढ्यात मशीनपाशी कटरकाका मदतनिसाला ओरडले, "लेमी!"

"जा," मावशी म्हणाली. "तुला बोलावतायत."

"मला नाही, मशीन थांबवायला सांगतायत."

"मशीन?" मावशीला काही उमगेना. "मशीनला कोण लेमी म्हणेल? लेमी म्हणजे... छोटी. माझी छोटी. आमच्यात आई आपल्या लेकीला म्हणते. ताई तर तुला दुसरं काही म्हणायचीच नाही."

कटरकाकांनी चाकावरचे हात हळूच काढले, शर्टाला पुसले.

"तू नुकती चालायला लागली होतीस," ते म्हणाले. "मशीन दिसलं की दुडुदुडु धावत यायचीस. वहिनी त्या कोपऱ्यात शिवत असायच्या, तिथून जिवाच्या आकांताने ओरडायच्या. त्या ओरडल्या की आम्ही चाक धरायचो. आम्हाला वाटलं, त्यांच्याकडे थांबायला लेमी म्हणतात." ते ओशाळले. "वेड्यासारखे इतकी वर्षं ओरडतोय गं पोरी. आम्हाला काय माहीत!"

ती बाबांकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी टाका ओढून घेतला. दोरा संपला नव्हता, तरी तो कातरीने कापला.

"तुझ्या आईशी संसार केला मी. मला माहीत नसेल?"

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं असतं, तर त्यांनी लाजून बंद केलं असतं." त्यांनी कातर खाली ठेवली. "ती गेल्यावर घरात मला तो शब्द उच्चारता यायचा नाही. इथे आलो की दिवसभर कानावर पडायचा. कुणीतरी तुला हाक मारतंय, असं वाटायचं. मला तेवढं पुरत होतं. तुला पुरणार नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या बाहीला चिकटलेला कागदाचा कपटा काढत राहिली. मावशी उघडपणे रडत होती.

कामं पडलेली होती, ती काही रडण्यासाठी थांबणार नव्हती. मुलगी पुन्हा मशीनपाशी गेली. पण आता तो शब्द कुणाच्या तोंडून निघेना. गठ्ठा वाकडा बसला तेव्हा कटरकाका पाहुण्यांशी बोलावं तशा मऊ आवाजात 'थांबा' म्हणाले, आणि कुणीच थांबलं नाही. ती हसायला लागली, मग काकाही हसले, तरी त्यांची जीभ काही रेटेना.

तिने दुसरा गठ्ठा लावला. तो अगदी सरळ बसला होता. चाक फिरायला लागलं.

"लेमी," कोपऱ्यातून बाबा म्हणाले.

चाक थांबलं. सगळ्यांचे हात जिथल्या तिथे राहिले. तिने मात्र मागे वळून ओ दिली.