तिच्यासारखं थांब

बसस्थानकावर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली आहे, हे ताईने अर्धं आयुष्य शहराला सांगितलं. तिचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, आवाज मात्र सगळ्यांच्या कानात बसलेला. दुकानात शिरून तिने नुसतं "जरा बाजूला होता का?" म्हटलं, तरी माणसं दचकून हातातल्या पिशव्या सावरायची, जणू त्यांचीच गाडी सुटत होती. मग स्थानकावर यंत्र आलं. ते न खोकता, न रजा घेता बोलू लागलं आणि ताईला भिंतीवरचं एक घड्याळ भेट देऊन घरी पाठवण्यात आलं.

घरी नवरा होता. तोही निवृत्तच, दुखऱ्या गुडघ्याचा आणि कमी शब्दांचा. सुरुवातीला त्याला बरं वाटलं, पण बायको पेपरातल्या जाहिरातीसुद्धा मोठ्याने वाचायला लागली तेव्हा तो मागच्या खोलीत जाऊन झोपू लागला.

ही गोष्ट धाकटीच्या कानावर गेली. धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण. आई लवकर गेल्यामुळे ताईनेच तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिचा अभ्यास घेतला होता, तिच्या लग्नात आईच्या जागी उभी राहिली होती. धाकटी जाहिरातींच्या एका स्टुडिओत आवाज ध्वनिमुद्रित करायचं काम करायची. तो स्टुडिओ बंद पडल्यावर तिने स्वतःचा मायक्रोफोन घेतला, पण तिच्या घराखाली मोटारींचं गॅरेज होतं आणि दिवसभर पत्र्यावर हातोडे पडायचे. एके दिवशी ती ताईकडे आली, सरळ मागच्या खोलीत गेली आणि मधोमध उभी राहून तिने एक टाळी वाजवली.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

टाळी विरल्यावर मागे एक बारीक, पत्र्यासारखी झिणझिण उरली होती. धाकटीने समजावलं, की खोली शांत आहे पण उघडीबोडकी आहे, आवाज भिंतींवर आपटून परत येतो. तेवढं सुधारलं तर इथे पुस्तकं वाचता येतील. लोक हल्ली पुस्तकं ऐकतात. एक कंपनी तिच्या ओळखीची होती आणि एका कादंबरीचं काम मिळण्यासारखं होतं. वाचणार ताई, मुद्रित करणार धाकटी.

ताईने त्या दिवशी नवऱ्याला तीनदा विचारलं, की माझा आवाज अजून चालेल का. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "चालेल काय, मला तर पळवून लावतो."

स्टुडिओवाल्यांकडून आवाज शोषणाऱ्या तयार पट्ट्या आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून सगळं घरीच करायचं ठरलं. आधी ताईने कुणाचंतरी ऐकून अंड्यांचे रिकामे ट्रे गोळा केले. अख्खी इमारत ट्रे आणून देऊ लागली. नवरा म्हणाला, आता चार कोंबड्याही आणून सोडा. धाकटीने ते एका भिंतीला लावून टाळी वाजवून दाखवली, तर झिणझिण होती तशीच, वर झुरळांची सोय झाली ती वेगळी. ट्रे रद्दीत गेले.

मग खरं काम सुरू झालं. यंत्रसामानाच्या दुकानामागे पडलेल्या खोक्यांच्या लाकडी पट्ट्या मिळाल्या. शेजारच्या सुताराने त्या कापून दिल्या, चौकटी ताईने ठोकल्या. चौकटीत भरायला छपराखाली घालतात ती दगडी लोकर आणली. ती हाताळताना अंगाला अशी खाज सुटायची की दोघी तोंडाला फडकी बांधून, हातमोजे चढवून कामाला बसत आणि एकमेकींकडे बघून हसत. वरून कापड हवं होतं. धाकटीने सांगितलं, तोंडाशी धरून फुंकर मारायची, फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल. ताईने घरातला एकूण एक पडदा, चादर, अभ्रा फुंकून पाहिला. शेवटी दिवाणखान्याचे निळे पडदे पास झाले आणि दिवाणखाना उघडा पडला.

चौकट कुठे टांगायची याची युक्ती ताईला फार आवडली. ती वाचायच्या खुर्चीत बसायची, धाकटी भिंतीवरून आरसा सरकवत न्यायची, आणि आरशात ज्या जागी मायक्रोफोन दिसेल तिथे खूण करायची. चौकटी भिंतीला न चिकटवता वीतभर पुढे अडकवल्या. कोपऱ्यांत जाडजूड गठ्ठे उभे केले, कारण जाड आवाज कोपऱ्यात साठतो म्हणे. डोक्यावर एक गोधडी ताणली. काम संपल्यावर धाकटीने पुन्हा टाळी वाजवली. ती वाजली आणि तिथेच संपली. ताईला एकदम जवळ कुणी बसल्यासारखं वाटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एक लक्षात ठेव," धाकटी म्हणाली, "आतला घुमारा गेलाय. पण आवाज बाहेर जायचा थांबलेला नाही. दाराबाहेर सगळं ऐकू येतं. तेव्हा भावजींना स्वयंपाकघरात भांडी वाजवू देऊ नकोस."

वाचन सुरू झालं. एका खाडीकाठच्या दीपगृहाच्या रखवालदाराच्या बायकोवरची कादंबरी होती ती. ताई आदल्या दिवशी प्रकरण तीनतीनदा मनात वाचायची, पेन्सिलने खुणा करायची. नवरा मेल्याची बातमी येते तिथे फक्त एक वाक्य होतं: "तिने कंदील खाली ठेवला." ताईने त्यावर अख्खा दिवस घालवला. शेवटी तिने 'कंदील' म्हटल्यावर थांबायचं ठरवलं, इतकं, की ऐकणाऱ्याला वाटावं आता ती तो आपटणार. आणि मग अगदी हलकेच, "खाली ठेवला." ते वाचून झालं तेव्हा धाकटीने कानावरचे हेडफोन काढले आणि तोंड फिरवून ती तारा गुंडाळत बसली. ताईला वाटलं, बहिणीला भरून आलंय.

प्रकरणामागून प्रकरणं झाली. कंपनीला कसं वाटलं, हे ताई दर वेळी विचारायची. धाकटी म्हणायची, खूश आहेत, फक्त हळू वाच म्हणतात, पुढचं लवकर दे म्हणतात. ताईने घराची किल्लीही तिला देऊन ठेवली, कारण आठवड्यातून एकदा ताई नवऱ्याला गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन जायची आणि धाकटी म्हणाली होती, तेवढ्या वेळात मी शांतपणे काटछाट करत बसेन.

अशाच एका दुपारी दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाई आल्याच नाहीत. दोघं उलट्या पावली घरी परतली. नवरा जिन्यात दम खात उभा राहिला आणि ताई पुढे होऊन दार उघडून आत आली. दाराशी एक अनोळखी चपलांचा जोड होता. मागच्या खोलीचं दार लावलेलं, आणि आतून एका बाईचा आवाज येत होता. तरुण, गोल, मऊ आवाज.

"तिने कंदील खाली ठेवला."

"नाही," धाकटी म्हणाली. "ती इथे थांबते. परत ऐक एकदा. हं. आता तिच्यासारखं थांब."

जरा वेळ काही नाही. मग तोच मऊ आवाज: "तिने कंदील..." आणि ती थांबली. तेवढीच. श्वास कुठे अडवायचा तोसुद्धा तोच. "...खाली ठेवला."

"आता जमलं," धाकटी म्हणाली.

ताई पर्स हातात धरून उभी होती. ही 'ती' म्हणजे आपण, हे तिच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. नवरा मागून आला, त्याने एक वाक्य ऐकलं, बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन बसला.

ताईने दार ढकललं. तिच्या खुर्चीत, निळ्या चौकटींच्या मधोमध, एक तिशीची मुलगी हेडफोन लावून बसली होती. धाकटी उठून उभी राहिली. कुणी काही म्हणायच्या आत ताईने हात पुढे केला, मुलीने गोंधळून हेडफोन काढून दिला आणि ताईने तो कानाला लावला. आत तिचा स्वतःचाच आवाज पुढचं वाक्य वाचत होता. नकळत तीही त्याच्याबरोबर ते वाक्य मोठ्याने म्हणाली.

"तुम्ही... तुमचाच आवाज आहे हा," ती मुलगी म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "पण मला वाटलं होतं, त्या गेल्या."

"मी तसं म्हणाले नव्हते," धाकटी घाईने म्हणाली. "मी म्हणाले होते, ती आता नाही."

"आता नाही म्हणजे काय?" ताईने विचारलं.

"आता वाचत नाही, असं."

मुलगी पिशवी उचलून बाहेर गेली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कंपनीने अगदी पहिलंच प्रकरण ऐकून ताईचा आवाज नाकारला होता. वाचन उत्तम, पण आवाज थकलेला, आणि ऐकताना गाडी सुटेल असं वाटतं. दुसरा आवाज आणलात तर पुस्तक तुमच्याचकडे देऊ, असं त्यांनी धाकटीला सांगितलं. धाकटी हो म्हणाली. ही मुलगी मिळाली. तिचा आवाज गोड होता, पण वाचनात अर्थ नव्हता, सगळी वाक्यं एका सुरात जायची. म्हणून धाकटीने ताईकडून आधी वाचून घ्यायचं आणि मुलीला ते ऐकवून तसंच म्हणायला लावायचं, असा बेत आखला. हळू वाच, असं कंपनी कधी म्हणालीच नव्हती. ताई हळू वाचली की मुलीला उचलायला सोपं जायचं.

धाकटी रडत होती. ती म्हणाली, तिला हे पहिल्याच आठवड्यात सांगायचं होतं, पण ताई इतकी आनंदात होती, पडदे काढून बसली होती, धीरच झाला नाही.

"तुला वाईट वाटू नये म्हणून नाही सांगितलं, ताई."

"मला वाईट वाटू नये म्हणून," ताई म्हणाली, "की मी वाचायचं थांबू नये म्हणून?"

धाकटीने उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर, कुठलंही दिलं असतं तरी, ताईला चाललं असतं, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं.

प्रश्न होता उरलेल्या प्रकरणांचा. ती ताईने अजून वाचलेली नव्हती आणि आता वाचणार नव्हती. दुसऱ्या जागी ध्वनिमुद्रण केलं असतं तर पुस्तकाच्या शेवटी आवाजाचा पोत बदलला असता आणि कंपनीने सगळंच परत पाठवलं असतं. हे धाकटीने मान खाली घालून सांगितलं. ताईला वाटलं, हिला अजूनही खोलीचीच काळजी आहे. पण ती मुलगी फसवून आणलेली नव्हती का? तिचाही यात काय दोष? ताईने एवढंच म्हटलं, की संपवा लवकर, आणि किल्ली मागून घेतली.

मग काही दिवस ती मुलगी यायची, खालमानेने "येऊ का, काकू?" विचारायची आणि मागे जायची. ताई ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. न ऐकण्याची सोयच नव्हती. सुरुवातीला मुलगी चाचपडली. कानात कुणी नसल्यामुळे भलत्याच ठिकाणी थांबायची, मग वाक्य पुन्हा घ्यायची. पण शेवटच्या प्रकरणात, जिथे ती बाई होडी सोडून देते, तिथे मुलगी न थांबता एका दमात वाचत गेली. ताईने तसं कधीच वाचलं नसतं. तिला ते आवडलं, आणि आवडलं याचाही तिला त्रास झाला.

धाकटीने मायक्रोफोन, तारा, संगणक सगळं उचलून नेलं. चौकटी तिने मागितल्या नाहीत. नवरा पुन्हा तिथे झोपू लागला आणि म्हणाला, अशी झोप आयुष्यात लागली नव्हती. ताई हसली नाही. तिने दिवाणखान्याला नवे पडदे शिवले.

पुस्तक आलं आणि गाजलं. ज्या ओळखीच्यांना वाचायचा कंटाळा होता, त्यांनीसुद्धा ते ऐकलं. मावशीचा वाढदिवस होता, सगळे नातेवाईक तिच्याकडे जेवायला जमले होते, आणि विषय निघाला. मावशीची नजर गेल्यापासून ऐकणं हाच तिचा विरंगुळा होता. तिने कादंबरी दोनदा ऐकली होती. धाकटीचं नाव वाचनाची दिग्दर्शिका म्हणून शेवटी सांगितलं जातं, त्याबद्दल तिने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. मग ती म्हणाली, "पण मला सारखं वाटत होतं, ती वाचणारी मुलगी आपल्या ताईसारखी थांबते. लहानपणी ताई तुला गोष्टी सांगायची ना, तशी. आणि शेवटी शेवटी मात्र वेगळीच वाटते."

ताटांवरचे हात थांबले नव्हते, कुणाचं विशेष लक्षही नव्हतं. ताईने बहिणीकडे पाहिलं. तिला काही फार नको होतं. धाकटीने नुसतं "हो" म्हटलं असतं, किंवा नुसती मान खाली घातली असती, तरी पुरलं असतं.

"काहीतरीच, मावशी," धाकटी हसून म्हणाली. "मला नाही बाई तसं कधी जाणवलं." आणि तिने वाढायला पातेलं उचललं.

ताई जेवली. घरी जाताना नवऱ्याने रिक्षात विचारलं, की सांगून का नाही टाकलंस सगळ्यांसमोर. ताई म्हणाली, सांगून काय मिळणार होतं, मावशीचा वाढदिवस नासला असता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ती घाबरून खोटं बोलली असती तर मी समजून घेतलं असतं. तिला घाबरायचीसुद्धा गरज वाटली नाही."

बोलणं बंद झालेलं नाही. धाकटी आठवड्यातून एकदा फोन करते. भावजींच्या गुडघ्याची चौकशी करते, मावशीच्या डोळ्यांचं बोलते, गॅरेजवाल्यांना शिव्या देते. मध्येच, अगदी सहज विचारल्यासारखं, ती विचारते, "ताई, तू अजून रागावलेली नाहीस ना?"

"नाही गं," ताई म्हणते, त्या सुरेल, स्वच्छ आवाजात. बहिणीशी खोटं बोलायला सुरुवातीला तिची जीभ अडखळायची. आता अडखळत नाही.