न धुतलेला स्वेटर

लाँड्रीवाल्यांचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. इस्त्री तापत ठेवून ते पुन्हा पुन्हा मागच्या अंगणात जाऊन येत होते. बायकोच्या पिटुनियाच्या वाफ्यावर रात्रीतून परत ताव मारून झाला होता. कळ्या गेल्या, कोवळे शेंडे गेले, मागे लेंड्या तेवढ्या उरल्या. चोर कोण हे सांगायला ज्योतिषी नको होता. पलीकडच्या माळावरचे ससे!

बायको हॉस्पिटलात होती. ऑपरेशन झालं होतं, पण ताप हटत नव्हता आणि डॉक्टर "बघू"च्या पुढे सरकत नव्हते. फोनवर ती रोज आधी फुलांची चौकशी करायची.

"अहो, वाफा कसा आहे?"

"झकास! बघत राहशील."

"आणि ससे?"

"ससे? छे!"

"आले तरी औषधबिवषध घालू नका हं. फुलं परत येतात, गेलेला जीव येत नाही."

हे ऐकलं की ते घाईने फोन ठेवायचे. फुलं राहिली तरच ही घरी येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून बोलत नव्हते.

जाळी लावून झाली. सशांनी खालून उकरलं. मिरचीचं पाणी मारून झालं; ते दवाने धुऊन गेलं. शेवटी शेजारच्या सलूनवाल्याने कापलेल्या केसांची पिशवी दिली. माणसाचा वास आला की ससा फिरकत नाही, म्हणाला. लाँड्रीवाल्यांनी केस वाफ्याभोवती पसरले. ससे त्या केसांवरच बसून जेवून गेले.

सलूनवाला बघायला आला. चिमूटभर केस नाकाशी नेले आणि त्याने कपाळावर हात मारला.

"लेका, याला साबणाचा वास येतोय!"

"मग? गावभरच्या डोक्यांची घाण तशीच पसरू? दोनदा धुतले. नीळ तेवढी घातली नाही."

"धन्य आहे तुझी! अरे, वासासाठीच तर दिले होते. घरात न धुतलेलं काही आहे का? अंगावरचा एखादा कपडा?"

"माझ्या घरात?" लाँड्रीवाले हसायला गेले आणि मध्येच थांबले.

होता. एकच होता. बायकोचा राखाडी स्वेटर, बागेत खुरपताना घालायची तो. हॉस्पिटलात जाताना तिने तो काढून खुंटीला अडकवला होता, आणि दुनियेचे डाग काढणाऱ्या या माणसाने त्याला पाणी लावलं नव्हतं. झोप लागेनाशी झाली की ते तो उशाशी घ्यायचे. मातीचा, डोक्याच्या तेलाचा, तिचा वास यायचा त्याला. बाहेर टांगला तर उन्हात आणि दवात तो वास उडणार, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? आणि ती आलीच नाही तर? त्यांना स्वतःचाच संताप आला.

दिवसभर आत-बाहेर चाललं होतं. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर करपली. संध्याकाळी फोन आला. डॉक्टर अजून "बघू"च म्हणत होते. मग त्यांनी स्वेटर नाकाशी धरून लांब श्वास घेतला, आणि काठीवर चढवून तो वाफ्यात उभा केला.

ससे कुंपणापर्यंत आले आणि माघारी गेले. पुढे वास विरत गेला, तरी सशांची वाट मोडली ती मोडलीच. कळ्या वर आल्या.

ती घरी आली तेव्हा अर्धा वाफा जांभळा झाला होता, अर्धा बोडकाच होता. वाळून काटकी झालेली ती फाटकाशी दम घ्यायला थांबली. तिची नजर आधी काठीवर गेली.

"अहो! माझा स्वेटर? असा मळका? लाँड्रीवाल्याच्या घरात?"

"ते ससे..."

"म्हणे झकास वाफा! आधी तो धुवायला टाका."

त्यांनी स्वेटर काढला, नकळत नाकाशी नेला. ऊन, गवत, धूळ. बाकी काही नाही.

"धुतो गं," म्हणत त्यांनी तो तिच्या खांद्यांवर घातला. "आधी चार दिवस घाल."