जिनिंगच्या फाटकावरचा दिवा

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नांदुऱ्यातल्या कापसाच्या बंद जिनिंग कारखान्याच्या फाटकाची भिंत जेसीबीने पाडली. भिंतीबरोबर मीही खाली आलो. जेसीबी चालवणाऱ्या रवीने यंत्र थांबवले, उडी मारली आणि विटांखालून मला दोन्ही हातांनी उपसून काढले.

मी एक जुना भिंतीवरचा दिवा आहे, मित्रांनो. बिडाचा वळणदार दांडा, पितळी पाठ, डोक्यावर पत्र्याची टोपी आणि चार काचा. त्यांपैकी तीन त्या दिवशी फुटल्या. कापसाच्या गाड्या दिवेलागणीला फाटकातून आत येत, तेव्हा हमाल, गाडीवान, अगदी मुनीमसुद्धा मला हात जोडून मगच पुढे जायचे. मला रोज लावायचे ते कारभारी नावाचे जिनिंगचे चौकीदार. रवी त्यांचाच मुलगा. दर दसऱ्याला कारभारींची बायको रुखमाबाई तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटे माझ्या पितळी पाठीवर ओढायच्या. आधीचे कुंकू त्यांनी कधी पुसले नाही. सत्तावीस दसऱ्यांत तिथे जाड तांबडा थर बसला. पुढे जिनिंग बंद पडली, वीज तोडली गेली, कारभारी वारले. माझ्या टोपीखाली गांधीलमाश्यांनी घर केले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बंद जागेत तसेच होते.

पाडकामाचे ठेकेदार हर्षलभाऊ यांनी मला बुटाने हलवून पाहिले. "घेऊन जाय बे रवी. भंगारच तं हाये."

रवीने मला आधी घरी नेले. "माय, बाबाचा दिवा आणला. नीट करून तुह्या दारावर लावून देतो."

रुखमाबाईंनी मला पदराने पुसले. "जळन का रे हा?"

"जळन नाही तं काय!"

त्याच दुपारी त्यांनी दारावरचे तोरण बाजूला सरकवून माझ्यासाठी जागा केली.

पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या जानराव मिस्त्रींच्या दुकानात मी अकरा दिवस होतो. रवी काम सुटल्यावर रोज यायचा. दांडा त्याने रॉकेलमध्ये भिजवला, तारेच्या ब्रशने घासला, काळा रंग दिला. नव्या काचा मापाने कापून आणल्या. जानरावांनी चिनी मातीचा होल्डर आणि नवी वायर बसवली. मग ते माझ्या पाठीकडे वळले.

"हा गंज काढतो."

"पितळेले गंज चढते का, काका? मायचं कुंकू हाये ते. त्याले हात नका लावू."

"मंग तूच मिस्त्री हो, मी जेसीबी चालवतो!" जानराव हसले आणि त्यांनी पाठ तशीच ठेवली. माझा रवीवर पूर्ण विश्वास बसला तो त्या संध्याकाळी.

अकराव्या दिवशी बल्ब लावला. कितीतरी वर्षांनी मी पेटलो. तेवढ्यात हर्षलभाऊ पाण्याची मोटार घेऊन आले. "अबे, हा तोच का? माह्या बंगल्याच्या पोर्चमध्ये अस्साच पाहिजे होता. रविवारी वास्तुशांती हाये."

हर्षलभाऊ नवा मुकादम नेमणार होते. नाव ठरले नव्हते; ती जागा रवीला हवी होती. रवीने एकदा माझ्याकडे पाहिले.

"तुमच्यासाठीच तं बनवला, भाऊ."

 जानरावांनी बटण बंद केले.

पोर्चमध्ये मला बसवताना हर्षलभाऊंच्या पत्नीने, डिंपलवहिनींनी विचारले, "मागून हे लाल काय दिसते?"

"गंज असन, वहिनी," रवी म्हणाला. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि पितळ उघडे पडेपर्यंत स्वतःच्या हाताने घासले. घरी जाऊन आईला सांगितले, की जानरावकाकाच्या हातून दिवा पडला, दांडाच मोडला.

रविवारी दुपारी पाऊण वाजता रुखमाबाई जेवायला आल्या. पोर्चमध्ये थबकल्या. "रव्या, हा तं आपला दिवा!"

"काय म्हणते काकू?" हर्षलभाऊंनी विचारले.

"काई नाही, भाऊ. तिले आता डोळ्यानं दिसत नाही. कोणताही दिवा बाबाचाच वाटते."

रुखमाबाईंनी मुलाकडे पाहिले. "मले दिसत नाही काय रे?" एवढेच म्हणाल्या आणि माझ्याखालच्या पायरीवर बसल्या.

मित्रांनो, जुनी वस्तू नीट करायला घ्याल तेव्हा तिच्यावरचे काय पुसता ते आधी बघा. आणि ज्याला ती देतो म्हणालात, त्यालाच द्या. मी बंद पडलो होतो तेव्हा मला फसवल्यासारखे वाटले नव्हते. चकचकीत झालो तेव्हा वाटले.

दीड वाजता पहिली पंगत उठली. रवी ताट घेऊन आला. रुखमाबाईंनी हात लावला नाही. डिंपलवहिनींनी आर्जव केले, तरी त्या उठल्या नाहीत. दोन वाजून वीस मिनिटांनी हर्षलभाऊ पानावरून उठून बाहेर आले आणि त्यांनी रवीला विचारले, "खरं सांग बे, दिवा कोणाचा हाये?"

रवी पायरीवरच्या आईकडे पाहू लागला; हे सांगेपर्यंत तरी मी त्याच पोर्चमध्ये आहे.